तीन बोटांची ओंजळ

१

मंगळवारी सकाळी, दहाला पाच मिनिटे कमी असताना, ताईंना स्वतःचे बोधचिन्ह दुसऱ्याच्या दारावर टांगलेले दिसले.

चौकात आजाऱ्यांसाठी खाटा आणि चाकांच्या खुर्च्या भाड्याने देणारी एक जुनी पेढी होती. तिच्या कपाळावर निळ्या रंगाची दहा फूट रुंद नवी पाटी चढत होती, आणि त्या निळाईत पांढरीशुभ्र ओंजळ उमटली होती. एकमेकांसमोर झुकलेले दोन तळहात, मधे फट. शिडीवरचा कारागीर स्क्रू पिळत होता.

"बाई, बाजूला व्हा. पाना निसटला तर डोक्यात पडेल," तो म्हणाला.

"ही पाटी कुणी काढली?"

"आम्ही फक्त टांगतो, बाई. काढणारा कधी शिडीवर चढतो का?"

ताई बाजूला झाल्या, परंतु त्यांचे पाय तेथून हलेनात. ही ओंजळ त्यांची होती. सात महिने त्यांनी ती उराशी बाळगली होती.

उद्योगधंद्यांना ओळख घडवून देणे हा ताईंचा व्यवसाय. कुणाला चिन्ह, कुणाला रंग, कुणाला अक्षरांचे वळण. वय त्रेपन्न, आणि त्यातली अठ्ठावीस वर्षे याच कामात गेलेली. दुसऱ्याला ओळख देणाऱ्याने स्वतःची सही करावयाची नाही, असा या धंद्याचा अलिखित दंडक आहे. त्यामुळे घरापासून चौकापर्यंत चालत गेल्या तर पावाच्या वेष्टनावर, औषधांच्या दुकानावर, चपलांच्या खोक्यावर ताईंना स्वतःची दहा-बारा लेकरे भेटत. पण त्यांतले एकही त्यांना ओळख देत नसे. कचेरीच्या मागल्या खोलीत त्या एकट्या राहत. सांजवेळी बोलावयास कोणी नसले की त्या रंगांच्या बाटल्यांची झाकणे घट्ट आहेत की नाहीत ते पाहत बसत.

ही ओंजळ त्यांनी एका शुश्रूषा संस्थेसाठी केली होती. या संस्थेच्या परिचारिका घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करीत. पुढल्या महिन्याच्या एक तारखेला चिन्हाचे अनावरण व्हावयाचे होते. तोवर ते गुप्त राखण्याचे ताईंनी लेखी वचन दिले होते.

त्यांनी मान वर करून पुन्हा पाहिले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. ताईंच्या ओंजळीत प्रत्येक हाताला चार बोटे होती. अंगठे आड गेलेले.

पाटीवरच्या हातांना तीनच होती.

२

"एक बोट कापलं की चोरी पचते, असं वाटलं असेल त्याला," संस्थेच्या चिटणीस बाई म्हणाल्या. त्या अकरा वाजता कचेरीत आल्या, तेव्हा त्यांच्या पर्सचा चापसुद्धा रागाने खटकन वाजला. "पेढीच्या म्हाताऱ्या मालकाला मी स्वतः विचारलं. म्हणतो, ज्याने दिलं त्याचं नाव न सांगण्याचा शब्द दिलाय. आता मला सांगा, तुमच्याकडे हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"मला. माझ्या सहायकाला. आणि नमुने छापले त्या छापखान्याच्या मालकांना."

"फाइल कुणाच्या संगणकात असते?"

ताईंची नजर पलीकडच्या टेबलाकडे गेली, आणि चिटणीस बाईंना तेवढे पुरले.

"शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कार्यकारिणी बसतेय. मला सहीनिशी कागद हवा. हे कुणाच्या हातून बाहेर गेलं, त्याचं नाव. तुम्ही दिलं नाहीत तर ज्याच्याकडे फाइल असते त्याचं नाव आम्ही लिहू, आणि ते सगळ्या कचेऱ्यांना कळवू. मग त्याला कुणी दारात उभं करतंय का बघा."

त्या पलीकडच्या टेबलाशी बसणाऱ्या सहायकाला सारे मोजपट्टी म्हणत. पस्तिशीचा, अबोल मनुष्य. चहाचा पेलासुद्धा टेबलाच्या दोन्ही कडांपासून समान अंतरावर ठेवी. नऊ वर्षे त्याने ताईंकडे काम केले होते. आणि या कामावाचून त्याला दुसरे काही येत नव्हते, दुसरे काही आवडतही नव्हते. चिटणीस बाई गेल्यावर ताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गेल्या आठवड्यात तीन दिवस कुठे होतास?"

"आईला दवाखान्यात न्यायचं होतं. सांगून गेलो होतो, ताई."

"हो, सांगून गेला होतास."

"मग विचारताय कशाला?"

मोजपट्टीने पेन्सिल वहीच्या कडेशी समांतर ठेवली.

"मी चौकात जाऊन मापं घेऊन आलोय," तो सावकाश म्हणाला. "आपल्या ओंजळीतली फट रुंदीच्या साठाव्या भागाएवढी आहे. त्या पाटीवर चौदावा भाग. बोटंही जाडजूड. चोर बदल करतो, मान्य. पण ज्याला डोळा आहे तो असा बदल करणार नाही. हात नाहीत ते, फावडी आहेत."

"शुक्रवारपर्यंत तू येऊ नकोस," ताई म्हणाल्या.

तो उठला, खुर्ची आत सरकविली आणि निघून गेला. जिन्यावरची त्याची पावले एकसारख्या अंतराने वाजत खाली उतरली. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारे लोक असतात, हे ताईंनी पुष्कळदा ऐकले होते. आपण त्यांच्यातलेच एक तर झालो नाही, ही शंका त्या दिवशी प्रथमच त्यांच्या मनाला डसली.

३

बुधवारी ताई छापखान्यात गेल्या. मालक गृहस्थ अंगाने भरदार, जिभेने सैल. यंत्राच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने सगळ्यांशी ओरडूनच बोलत.

"या, या. आरोपीचा पिंजरा कुठे आहे म्हणाल तर हीच खुर्ची. एकच आहे, तुम्ही बसा, मी उभ्याने कबुली देतो."

"थट्टा नको, मालक. पोराच्या पोटावर पाय येतोय."

मालकांनी यंत्र थांबविले. अकस्मात पसरलेल्या शांततेत त्यांचा आवाजही खाली आला.

"ताई, पाटी जवळून पाहिलीत? मी पाहिली. शिडीवाल्याला चहा पाजून वर चढलो. या वयात. कडा उंदराने कुरतडल्यासारख्या आहेत. फाइलवरून काढलेल्या पाटीची कड सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत येते. ही कागदावरून उचललीय. खरखरीत, जाड कागद, शाई तंतूंतून पसरलेली. बारीकशा छापाचा फोटो काढून फुगवला की असं होतं."

"बारीकशा छापाचा," ताई पुटपुटल्या.

"असा कागद मी तुमच्यासाठी एकदाच वापरला. गेल्या गुरुवारी. ओळखपत्रिकेचा नमुना हवा होता तुम्हाला."

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले.

त्याचे कारण असे. चिन्ह लहान करावयाचे म्हणजे मोठे आकुंचित करून भागत नाही. मसुरीच्या डाळीएवढ्या जागेत चार बोटे काढली तर शाईने ती एकमेकांना चिकटतात आणि केसाएवढी फट बुजून जाते. म्हणून जाणता चित्रकार लहान आकारासाठी निराळे चित्र काढतो. त्यात बोटे कमी, रेघा जाड, फट रुंद. डोळा फसतो आणि त्याला तेच चिन्ह पाहिल्याचे समाधान मिळते. ताईंनी गुरुवारी, मोजपट्टी रजेवर असताना, भिंगाखाली बारीक निबाने असे चित्र काढले होते. ते डाळीएवढेच काढले, डाळीएवढेच पाहिले, आणि संगणकात कधी चढविलेच नाही. दहा फुटांचे झाल्यावर त्यांना ते ओळखू आले नाही, यात नवल नव्हते.

चोराने बोट कापलेच नव्हते. ते ताईंनी स्वतःच्या हाताने कापले होते.

"आता माझ्यावर संशय घ्या," मालक म्हणाले. "पण घेताना एवढं लक्षात असू द्या, तुमचं मूळ शाईचं चित्र दिवसभर माझ्या टेबलावर होतं. स्वच्छ, काळंभोर. ते टाकून मी खरखरीत छाप कशाला चोरू? आणि पत्रिका तर सगळ्या तुम्हीच घेऊन गेलात. आठ."

ताई जवळजवळ धावतच कचेरीत परतल्या. त्यांनी खण उघडून पत्रिका मोजल्या.

सात भरल्या.

४

आठवी पत्रिका कोठे गेली हे आठवावयास ताईंना क्षणही लागला नाही. ती त्यांनी स्वतः दादांच्या हातावर ठेवली होती.

दादा हे ताईंचे गुरू. पंचविशीत ताई त्यांच्याकडे उमेदवारी करावयास गेल्या, त्या वेळी दादांच्या शब्दावर कारखानदार आपल्या कारखान्याचा रंग बदलीत. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपली कचेरी बंद केली. आता बहात्तरीचे दादा दोन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. रोज दुपारी तीनला ताई त्यांच्याकडे चहास जात. दिवसभरात कामाखेरीज दोन शब्द बोलावयाची ताईंची तीच एक जागा होती. आणि दादांनाही दुसरी नव्हती. ओंजळीतल्या अडचणी ताई सात महिने त्यांना ऐकवीत आल्या होत्या, परंतु दाखविण्याजोगे काही झाले की ते न बोलता त्यांच्या हाती देत, कारण "सांगू नकोस, दाखव" हा दादांचा पहिला धडा होता. गुप्ततेच्या वचनात दादाही येतात, असे ताईंच्या मनातही कधी आले नव्हते. देवघरातल्या देवापासून कोणी काय लपवावे?

मंगळवारचा चहा धावपळीत चुकला होता; बुधवारी त्या मुद्दामच गेल्या नाहीत, उरलेला दिवस स्वतःशीच वकिली करीत राहिल्या. कागद दादांकडे होता, हे खरे. परंतु लहान चित्र फुगवून मोठे करणे ही नवशिक्याची चूक आहे, आणि ती टाळावयास ताईंना शिकविले कुणी? "लहान हे मोठ्याचं पिल्लू नव्हे, पोरी, ते वेगळंच जनावर आहे," हे वाक्य दादांचेच. ज्याने नियम घातला तो असा नियम मोडणार नाही. चोरी करावयाचीच असती तर त्यांनी चार बोटे नीट काढून दिली असती. ही चूकच दादांना निर्दोष ठरवीत होती. एवढा निवाडा झाल्यावर ताईंना हायसे वाटले. गुरुवारी तीनला त्या हलक्या मनाने दादांचा जिना चढल्या.

"अगं ये. तोंड सुकलंय की आवाज?" दादांनी दार उघडता उघडता विचारले.

"दोन्ही."

दादांनी कपाच्या काठावर बोट टेकवून चहा ओतला. ताईंनी सगळी हकीगत सांगितली. शुक्रवारची मुदत, चिटणीस बाईंची धमकी, मोजपट्टीचे मुकाट्याने जाणे. पाटी कशी आहे ते सांगितले नाही, ती पाहावयाची गोष्ट; आणि पत्रिकेचा उल्लेख केला नाही. देवाला साक्षीला कशाला बोलवायचे?

"त्याचं नाव एकदा खराब झालं की संपलं, दादा. या धंद्यात त्याला कुणी पेन्सिलसुद्धा हातात देणार नाही."

"वाईट झालं," दादा म्हणाले. "मुलगा सरळ आहे. मी जाऊन आलो चौकात. बघवत नाही. निर्लज्जपणाची हद्द झाली."

"इतकं वाईट?"

"वाईट म्हणजे? चारही बोटं जशीच्या तशी उचलली आहेत. लाज म्हणून एखादी रेघ तरी बदलायची." मग त्यांनी किटली उचलली. "अजून अर्धा कप घेशील?"

ताईंनी नको म्हटले. त्यांचा पहिलाच कप अर्धा उरला होता.

पाटी टांगली त्या दिवसापासून, ज्यांना मूळ ओंजळ ठाऊक होती ते सारे कापलेल्या बोटाबद्दल बोलत होते. चिटणीस बाईंनी तीन मोजली, मोजपट्टीला तीन दिसली, छापखान्याच्या मालकांनी शिडीवर चढून तीन पाहिली.

चार पाहणारा एकच माणूस होता, आणि तो ताईंच्या समोर बसून बशी पुसत होता.

५

शुक्रवारी ताई तीनची वाट न पाहता दुपारी एकलाच गेल्या. त्यांनी खिशातून पत्रिकेच्या आकाराचा एक कागद काढला आणि न बोलता दादांच्या हातावर ठेवला.

दादांनी तो खिडकीकडे धरला. मान थोडी तिरपी केली. अंगठा कागदावरून फिरविला. पूर्वी मोठमोठे कारखानदार श्वास रोखून बसत तेव्हा घेत, तेवढाच वेळ त्यांनी घेतला.

"छान आहे," ते अखेर म्हणाले. "मागच्यापेक्षा मोकळं आहे. फट मात्र जरा कमी कर."

"दादा, कागद कोरा आहे."

दादांचा अंगठा कागदावर थांबला.

"पाटीवरचं चित्र माझ्या लहान चित्रावरून केलंय," ताई सांगू लागल्या. त्यांचा आवाज सपाट होता. हिशेब वाचावा तसा. "ते संगणकात नव्हतं, म्हणून मोजपट्टी सुटला. छापखान्यात मूळ चित्र होतं, खरखरीत छाप उचलायचं त्यांना कारण नव्हतं. म्हणून तेही सुटले. उरली तुमच्याकडची पत्रिका. मी म्हटलं, दादा लहान चित्र कधी फुगवणार नाहीत. डोळस दादांनी नसतंच फुगवलं. पण काल तुम्ही चार बोटं म्हणालात. लहान चित्रात तीन आहेत आणि पाटीवरही तीनच. चार फक्त माझ्या बोलण्यात होती, सात महिने ऐकवलेली. तुम्ही पाहिलं नाहीत, दादा. तुम्ही आठवलंत. कधीपासून दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली." दादांनी कागद चहाच्या टेबलावर ठेवला. "मधलं जातं. कडेकडेचं राहतं. जिना दिसतो, कपाट दिसतं. तुझं तोंड दिसत नाही, कान तेवढा दिसतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"डोळे गेलेल्याकडे लोक चहाला येतात, पोरी. सल्ल्याला येत नाहीत."

मग त्यांनीच पुढे सांगितले.

"पेढीच्या म्हाताऱ्याचा फोन आला. म्हणाला, दादा, अजून काम करता ना? अकरा वर्षांनी कुणी हे विचारलं. मी हो म्हणून बसलो. मग महिनाभर टेबलाशी झगडलो. रेघ काढायची, आणि ती गेली कुठे ते शोधायचं. त्याचे निरोपावर निरोप. तुझी पत्रिका खिशात होती. म्हटलं, वळणं बदलून देऊ. पण बदलायला दिसायला तर हवं. तशीच दिली. म्हटलं, मोठी करून घ्या."

"कुंपणानंच शेत खाल्लं," ताई म्हणाल्या.

"खाल्लं."

"मोजपट्टीचं नाव जाणार हे काल मी तुम्हाला इथंच बसून सांगितलं."

"सांगितलंस."

"आणि तुम्ही मला अर्धा कप विचारलात."

"विचारला," दादा म्हणाले. त्यांनी मान खाली घातली नाही. बहुधा खाली आणि वर यांत त्यांना आता फारसा फरक उरला नव्हता.

ताई खिडकीशी गेल्या. खाली कुणीतरी दोरीवरचे कपडे काढीत होते.

"मी माझं नाव लिहू शकते. कागद माझ्याच हातून बाहेर गेला, हे खोटं नाही."

"मग लोक म्हणतील, ताईने आपल्या माणसाला पाठीशी घातलं. तो सुटणार नाही, तू मात्र बुडशील." दादांनी टेबलाचा खण चाचपून एक कोरा कागद काढला. "लिही. मी सांगतो. पत्रिका मला विश्वासाने दाखवली होती, मी ती परस्पर दिली, डोळ्यांचंही लिही. सबब म्हणून नव्हे. तीन बोटं कशी झाली ते त्यांना कळायला हवं."

ताईंनी लिहिले. दोन वेळा पेन थांबले. दादांनी दोन्ही वेळा वाट पाहिली.

"आता सही कुठे करायची तिथे माझं बोट ठेव."

ताईंनी त्यांची तर्जनी धरून कागदाच्या तळाशी टेकविली. दादांनी बोटाच्या आधाराने पेन लावले आणि नाव लिहिले. शेवटचे अक्षर कागदाबाहेर जाऊन टेबलावर उमटले.

६

पाचला दहा मिनिटे कमी असताना चिटणीस बाईंनी कागद दोनदा वाचला.

"सही अर्धवट आहे."

"बाकीची टेबलावर आहे," ताई म्हणाल्या. "हवी असेल तर चला दाखवते."

चिटणीस बाईंनी चष्मा काढला आणि काचा पुसल्या. "तुमच्या सहायकाचं नाव कुठेही जाणार नाही. तुमचं काम मात्र पुढे चालेल की नाही, ते कार्यकारिणी ठरवेल. तुम्हीही वचन मोडलंत, ताई. माणूस कितीही मोठा असला तरी."

"मोडलं," ताईंनी कबूल केले.

बाहेर पडताच त्यांनी मोजपट्टीला फोन लावला आणि सगळे सांगितले. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"म्हणजे मी बरोबर मोजलं होतं," तो म्हणाला.

"बरोबर मोजलं होतंस. चूक माझी झाली. सोमवारी ये."

"येईन, ताई. पण कचेरीची किल्ली आता तुमच्याकडेच राहू द्या. सकाळी तुम्हीच उघडत जा."

ताई बराच वेळ फोन हातात धरून पायरीवर उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून गेले.

शनिवारी दुपारी तीनला त्यांनी दादांचे दार वाजविले. आत हालचाल झाली, पण दार उघडले नाही. पुन्हा वाजविले.

"जा, पोरी," आतून आवाज आला. "तुझ्यासमोर बसायचं तोंड नाही मला."

"नाहीतरी माझं तोंड तुम्हाला दिसत नाहीच," ताई म्हणाल्या. "मी माफ केलेलं नाही, दादा. करीन की नाही तेही ठाऊक नाही. पण दोन वर्षांत तुम्ही वर्तमानपत्र वाचलेलं नाही, एवढा हिशेब मला येतो."

त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर, दाराला पाठ लावून बसल्या. पिशवीतले वर्तमानपत्र उलगडले आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागल्या. पाणीपुरवठा, पुलाचे काम, एका शाळेचे उडालेले छप्पर. खालच्या मजल्यावरची बाई दार किलकिले करून पाहून गेली. ताई वाचीत राहिल्या. दुसऱ्या पानावर त्यांचा घसा बसला आणि आवाज आपोआप खाली आला.

तेव्हा दारापलीकडे, फरशीवरून एक खुर्ची सरकत सरकत जवळ आली.